बेअरिंग सुटं मिळतं का?

कपडे धुण्याच्या मशीनचा आवाज पिळण्याच्या वेळी वाढत वाढत विमान धावपट्टीवर आल्यासारखा होऊ लागला, की बिघाड बहुधा एकच असतो : ड्रमच्या मागचं बेअरिंग गेलेलं असतं. खात्री करायला मेकॅनिकही लागत नाही. प्लग काढायचा आणि रिकामा ड्रम हाताने फिरवायचा. घरघर ऐकू आली तर बेअरिंगच्या गोळ्यांना गंज धरलाय. मग ड्रमची पुढची कड धरून वर-खाली हलवायची. आतला ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही एकत्र डुलले तर हरकत नाही, टब स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. टब जागेवर आणि ड्रम मात्र आत खटखट वाजतोय, तर बेअरिंग सैल झालंय. टबच्या मागे, पुलीच्या आसपास तपकिरी ओघळ दिसले तर शंकेला जागाच उरत नाही.

पुढून कपडे टाकायच्या मशीनमध्ये हे बेअरिंग बरेचदा ६२०५ किंवा ६२०६ नंबरचं असतं, त्याच्या जोडीला ६२०४ किंवा ६२०५. हे नंबर कुठल्या मशीन-कंपनीचे नाहीत. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. जगात कुठेही, कुणीही बनवलेलं असलं तरी तेवढंच. हेच बेअरिंग विजेच्या मोटरींत आणि पाण्याच्या पंपांत बसतं. यंत्रसामग्रीच्या कुठल्याही दुकानात ते मिळतं आणि मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य असते.

तरीही ग्राहकाला ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं : ‘आता नवीनच घ्या, दुरुस्ती परवडणार नाही.’ सांगणारा मेकॅनिक दर वेळी खोटं बोलत असतो असंही नाही. कारण त्या मशीनच्या सुट्या भागांच्या यादीत बेअरिंग नावाचा भागच नसतो. असतो तो ‘टब संच’ : मागचा टब, पुढचा टब, ड्रम, सील आणि दोन बेअरिंगं, सगळं एकत्र. त्याची किंमत मजुरीसकट नव्या मशीनच्या इतकी जवळ जाते की हिशोब मांडायची गरजच पडत नाही.

घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क हा विषय गेल्या दहा वर्षांत बऱ्याच देशांच्या कायद्यांत आला, ते चांगलंच झालं. पण हे कायदे ‘सुटा भाग’ या शब्दापाशी येऊन थांबतात. सुटा भाग म्हणजे नेमका केवढा, हे ठरवायचं काम त्यांनी विकणाऱ्यावर सोडलंय. हक्क फोल ठरतो तो इथे.

युरोपीय संघाचा नियम पाहा. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या या नियमानुसार वॉशिंग मशीनच्या मॉडेलची शेवटची प्रत बाजारात आल्यावर किमान १० वर्षं सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. यादीही भरघोस आहे. मोटर आणि तिचे कार्बन ब्रश, पंप, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंगा, हीटर, नळ्या, सर्किट बोर्ड, प्रेशर स्विच, सेन्सर, इतकंच काय, सॉफ्टवेअरही. ड्रम आणि बेअरिंगही यादीत आहेत. पण त्यांच्यापुढे कंसात तीन शब्द आहेत, ज्यांचा अर्थ होतो ‘सुटे किंवा एकत्र’. त्या कंसाने बेअरिंगपुरता सगळा नियम गिळला. ड्रमसह बेअरिंग विकलं तरी कायदा पाळलाच. मशीनमधल्या सगळ्यात महागड्या दुरुस्तीसाठी नेमकी ही सवलत ठेवली गेली, हे मसुदा लिहिणाऱ्यांना कळलं नसेल असं मानणं कठीण आहे.

ही सवलत का मागितली जाते, तेही समजून घेतलं पाहिजे. पूर्वी प्लास्टिकच्या टबचे दोन अर्धे भाग मध्ये रबरी दोरी ठेवून वीसेक स्क्रूंनी किंवा चिमट्यांनी जोडलेले असत. आता अनेक मशीनमध्ये ते कडेने वितळवून एकमेकांना चिकटवतात. त्यात स्क्रू वाचतात, रबर वाचतं, जुळणीचा वेळ वाचतो आणि त्या सांध्यातून पाणी गळायची भीती जवळजवळ संपते. हे फायदे खरे आहेत. कंपनीच्या तोंडून ते ऐकल्यावर ‘सगळी लबाडी आहे’ असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद तिथेच लुळा पडतो. १९२४ साली दिव्यांच्या कंपन्यांनी एकत्र बसून बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं होतं, ही नोंदलेली गोष्ट आहे. मात्र आज तसा कट करायची गरज नाही. कारखान्यात पंधरा मिनिटं वाचवणारा निर्णय घरात दहा वर्षांनी दुरुस्ती अशक्य करतो. ते दहा वर्षांनंतरचं नुकसान कंपनीच्या खात्यावर कुठेच चढत नाही, ते ग्राहकाच्या आणि कचरा उचलणाऱ्या नगरपालिकेच्या खात्यावर चढतं. कायद्याने करायचं काम एवढंच : हा खर्च ज्याच्या निर्णयामुळे होतो त्याच्याकडे परत पाठवायचा.

स्क्रूचा टब असेल तर बेअरिंग बदलणं हे तीन-चार तासांचं, घाम काढणारं पण सरळ काम आहे. वरचं झाकण, पावडरचा खण, दाराभोवतीचं रबर आणि काँक्रीटची वजनं काढायची. वायरी सोडवण्याआधी त्यांचे फोटो घ्यायचे, नाहीतर परत जोडताना हीटर आणि सेन्सर यांची गल्लत होते. मोटर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडवून टब बाहेर घ्यायचा. पुलीचा बोल्ट चिकटपदार्थ लावून आवळलेला असतो, जबरदस्ती केली तर त्याचं डोकं गोल होतं. आधी हेअर ड्रायरने किंवा हीट गनने गरम करून मगच फिरवायचा. टब उघडल्यावर ड्रमचा शाफ्ट मागून ठोकताना बोल्ट अर्धवट परत लावून त्याच्यावर ठोकायचं, म्हणजे शाफ्टचे आटे चेपत नाहीत.

आता पाहायची ती खरी गोष्ट : सील. बेअरिंग आपणहून क्वचितच मरतं. आधी रबरी सीलची धार झिजते, साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं, गंज चढतो आणि मग आवाज येतो. आवाज हा आजाराचा शेवटचा टप्पा असतो. म्हणून सील आणि दोन्ही बेअरिंगं एकदमच बदलावीत. शाफ्टवर सील जिथे टेकतं तिथली बाही बोटाने चाचपावी. नखाला खाच लागली तर नवं सीलही काही महिन्यांत गळणार. ड्रमला धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा तीन फाट्यांचा स्पायडर पाहावा. जास्त पावडर, थंड पाणी आणि नीट न निथळलेला ड्रम, यांमुळे त्यावर साबणाचा लगदा बसतो आणि धातू आतून खाल्ला जातो. फाटा मोडकळीला आला असेल तर नवं बेअरिंग घालण्यात अर्थ नाही. नवं बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडा मारला की गोळ्या आपल्या वाटेवर बारीक खळगे पाडतात आणि तोच आवाज थोड्याच दिवसांत परत येतो. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर किंचित आकसतं आणि सोपं बसतं. शेवटी सीलच्या ओठाला पाण्यात न विरघळणारं ग्रीस.

वितळवून जोडलेला टब आला की हेच काम वेगळं होतं. जाणकार कारागीर तरीही ते करतात. कापण्याआधी सांध्याच्या कडेला वीसेक भोकं पाडून घ्यायची, म्हणजे दोन्ही अर्धे भाग नंतर तंतोतंत जुळतात. मग करवतीने सांधा कापायचा, बेअरिंग बदलायचं, कडेला सिलिकॉन भरून नट-बोल्टने आवळायचं आणि पाणी सोडण्याआधी २४ तास सिलिकॉन सुकू द्यायचं. हे जमतं. पण अशा जोडाची हमी कोण देणार? करवत अर्धा सेंटिमीटर आत गेली तर टब गेला. अधिकृत सेवाकेंद्राचा माणूस हे करणार नाही, त्याला तशी परवानगीच नसते. त्यामुळे दुरुस्ती शक्य आहे की नाही हे यंत्रावर नाही, तर परिसरात असा हिकमती कारागीर आहे की नाही यावर ठरतं. हक्काने मिळायची गोष्ट अशी नशिबावर टाकणं बरोबर नाही.

बेअरिंगनंतर दुसरा बळी सर्किट बोर्डाचा. मशीन चालूच होत नाही, दिवे लागत नाहीत, तेव्हा ‘बोर्ड गेला’ असं निदान होतं आणि अख्खा बोर्ड बदलायला सांगितलं जातं. बोर्डावर प्रत्यक्षात काय जातं? बरेचदा वीजपुरवठ्याच्या कोपऱ्यातला एक फ्यूजचं काम करणारा रेझिस्टर, एक छोटी स्विचिंग चिप किंवा एखादा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं की निदान झालंच. पण डोकं सपाट असूनही तो आतून सुकलेला असू शकतो, ते मीटरनेच कळतं. दाराला कुलूपच लागत नाही म्हणून मशीन अडून बसली तर त्या कुलपाला वीज देणारा ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच शॉर्ट झालेला असू शकतो. पाणी गरम होत नाही तेव्हा आधी हीटर मोजावा; तो ठीक असेल तर त्याच्या रिलेचे जळके संपर्क पाहावेत.

कपॅसिटरचा हिशोब तर शाळकरी आहे. १०५ अंशांना २००० तास चालेल असा कपॅसिटर दर १० अंश थंड ठेवला की अंदाजे दुप्पट टिकतो. ६५ अंशांना तो ३२,००० तास जातो. ८५ अंशांच्या मापाचा तितक्याच तासांचा कपॅसिटर त्याच ६५ अंशांना ८००० तासच जाईल. दोन्हींच्या किमतीतला फरक ग्राहकाच्या डोळ्यांत भरणारही नाही इतका थोडा. पण यादी तयार करणाऱ्या खरेदी विभागाला तो दिसतो, कारण तो लाखो मशीनांनी गुणला जातो. एक कपॅसिटर बदलायला सोल्डरिंग गन आणि अर्धा तास लागतो. अडचण अशी की अनेक बोर्ड राळेत बुडवलेले असतात. ओलाव्यापासून बचाव हे त्याचं कारण खरंच आहे, बाष्पाने भरलेल्या डब्यात उघडा बोर्ड फार काळ टिकत नाही. मात्र वरून फवारायचा पातळ लेपही हेच काम बऱ्याच अंशी करतो आणि त्याखालचा भाग खरवडून बदलता येतो. कडक राळेत बुडवलेला बोर्ड हा एकच भाग होऊन बसतो. पुन्हा तीच युक्ती : लहान भागाला मोठ्यात विरघळवून टाकायचं.

बरं, नवा बोर्ड घेतला तरी तो कोरा असतो. त्यात त्या मॉडेलची माहिती भरावी लागते, नाहीतर मशीनला आपण सात किलोची आहोत की नऊ, हेच कळत नाही. ती भरायचं सॉफ्टवेअर अधिकृत माणसाच्याच लॅपटॉपवर. युरोपच्या नियमाने रीसेट करायच्या सॉफ्टवेअरसकट ते व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्याला द्यायला लावलं, ही त्या नियमातली सर्वांत शहाणी ओळ आहे. त्याच नियमात, दुरुस्ती करणाऱ्याने आपली तांत्रिक पात्रता आणि विमा दाखवावा अशी अट घालायची मुभाही कंपनीला आहे. पात्रतेला हरकत नाही. पण ती तपासणार कोण, तर जिचा नवा माल खपायचाय तीच कंपनी. परीक्षकच दुसऱ्या बाजूचा खेळाडू.

फोन आणि तत्सम वस्तूंत ही अडवणूक पुढच्या पायरीवर गेली. भाग मिळतो, बसतो, चालतो. पण त्याच्या चिपमधला क्रमांक मूळ बोर्डाशी जुळला नाही म्हणून पडद्यावर इशारे येत राहतात किंवा एखादी सोय बंद पडते. मूळ कंपनीचीच, दुसऱ्या फोनमधून काढलेली स्क्रीन असली तरी तेच. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०२४ साली कायदा करून, १ जानेवारी २०२५ नंतर बनवल्या जाणाऱ्या उपकरणांत भागांची अशी जोडी लावून दुरुस्ती अडवायला मनाई केली. न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया यांचे कायदे त्याआधीचे आहेत, पण ओरेगनने भाग देण्याबरोबरच भाग स्वीकारण्याचीही सक्ती केली. हा फरक मोठा आहे.

कायदा कुठल्या भाषेत लिहावा याचा चांगला नमुना युरोपच्याच २०२३ च्या बॅटरी नियमात सापडतो. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असं तो म्हणतो. आणि ‘काढता येणं’ म्हणजे काय हेही सांगतो. बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी निघाली पाहिजे. खास हत्यार लागत असेल तर ते उपकरणासोबत फुकट द्यायचं. उष्णता द्यावी लागता कामा नये, द्रावण लागता कामा नये. म्हणजे गोंदाने चिकटवून ‘हीट गनने निघते की’ म्हणायची पळवाटच बंद. भिजणाऱ्या, धुवायच्या उपकरणांना सूट आहे, पण तिथेही स्वतंत्र कारागिराला बॅटरी बदलता आली पाहिजे. हा मसुदा लिहिणाऱ्याने हातात स्क्रूड्रायव्हर धरलेला आहे हे वाचताक्षणी कळतं. वॉशिंग मशीनच्या टबसाठी अशाच दोन ओळी हव्यात : बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी, कापाकापी न करता, टब उघडता आणि परत बंद करता आला पाहिजे, आणि ज्या भागाला प्रमाणित आकार आहे, तो भाग वेगळा बदलता आला पाहिजे.

मुदतीचा मुद्दा त्याहून साधा, तरी कुणी फारसा बोलत नाही. भाग मागवल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचवावा, असं वॉशिंग मशीनचा नियम म्हणतो. १५ कामकाजाचे दिवस म्हणजे तीन आठवडे. कपड्यांचं कसंतरी निभावेल. पण फ्रीजलाही तीच मुदत आहे! थर्मोस्टॅट बंद पडलेल्या फ्रीजसमोर तीन आठवडे कुठलं कुटुंब बसून राहील? चौथ्या दिवशी नवा फ्रीज घरात येतो आणि जुना, एका सेन्सरपायी, भंगारात जातो. वर्षानुवर्षं भाग ठेवण्याची सक्ती ही अशी मुदतीच्या कलमात हरते. फ्रीजसाठी मुदत दिवसांत मोजायची तर ती एका हाताच्या बोटांवर मावली पाहिजे.

किमतीचंही तसंच. २०२४ च्या युरोपीय निर्देशाने भागांची किंमत ‘वाजवी’ असावी, दुरुस्तीपासून परावृत्त करणारी नसावी असं म्हटलंय आणि सदस्य देशांना तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. ‘वाजवी’ हा शब्द न्यायालयात वर्षानुवर्षं कुस्ती खेळायला उत्तम. फ्रान्सने जरा वेगळी वाट धरली होती. १ जानेवारी २०२१ पासून तिथे काही उपकरणांवर १० पैकी दुरुस्ती-गुण छापावे लागू लागले. पाच निकष : कागदपत्रं, उघडण्याची सोय, भागांची उपलब्धता, भागांची किंमत आणि त्या त्या वस्तूचे खास मुद्दे. भागाची किंमत वस्तूच्या किमतीच्या प्रमाणात मोजायची ही त्यातली उपयोगी कल्पना. दोष हा की गुणांची बेरीज होते आणि गुण कंपनी स्वतःच स्वतःला देते. टब वितळवून जोडलेला, पण माहितीपुस्तिका सुंदर, तर एका निकषात गेलेले गुण दुसऱ्यात भरून निघतात. पुस्तिकेने बेअरिंग बदलत नाही. २०२५ पासून वॉशिंग मशीनसाठी तिथे टिकाऊपणाचा निर्देशांक आला, त्यात विश्वासार्हताही मोजतात. बेरजेची खोड मात्र बेरजेबरोबर राहतेच.

भारतात याची सुरुवात वेगळ्या दारातून झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल. तर्क स्वच्छ होता : गाडी विकत घेतल्यावर ग्राहक तिच्या भागांच्या बाजारात कैद होतो आणि त्या बाजारात कंपनी एकटीच असते. हाच तर्क वॉशिंग मशीनला जसाच्या तसा लागतो. पुढे जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, शेतीची यंत्रं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. पोर्टल म्हणजे माहितीचा फलक. बेअरिंग सुटं विका, असं तो कुणाला बजावू शकत नाही.

या सगळ्याला सुरक्षेचं उत्तर दिलं जातं आणि ते नेहमीच बहाणा नसतं. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब साठलेला असू शकतो. त्याच्या आत तो हळूहळू उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तोच तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. अनेक फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो, त्याची नळी कापून डाग द्यायला गेलं तर स्फोट होऊ शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटणं म्हणजे आगीला निमंत्रण. ही कामं शिकलेल्या माणसाचीच आहेत आणि कायद्याने घरमालकाला व कारागिराला वेगळ्या याद्या दिल्या ते योग्यच आहे. मात्र सुरक्षेची ही ढाल बेअरिंग, दाराचं रबर, पंप, कार्बन ब्रश यांच्यापुढे धरली जाते तेव्हा ती ढाल राहत नाही, पडदा होतो. हातात ६२०५ नंबरचं बेअरिंग घेऊन अजून कुणी भाजलेलं नाही.

‘सील तोडलं तर वॉरंटी रद्द’ या चिकटपट्टीची गोष्टही या पडद्याआडचीच. अमेरिकेत १९७५ पासून कायदा सांगतो की विशिष्ट कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरावी, अशी अट, तो भाग किंवा ती सेवा मोफत दिल्याशिवाय, वॉरंटीला जोडता येत नाही. तरी २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला सहा कंपन्यांना ताकीद द्यावी लागली. त्रेचाळीस वर्षांनंतर! कायदा होता, पट्ट्याही होत्या.

जुनं यंत्र वीज जास्त खातं, मग दुरुस्त कशाला करायचं, हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर यंत्रागणिक बदलतं. वीस वर्षांचा फ्रीज रात्रंदिवस चालतो. त्याचा कॉम्प्रेसर गेला तर नवा घेणंच शहाणपणाचं ठरू शकतं. वॉशिंग मशीनची वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते आणि ठरावीक लिटर पाणी ठरावीक अंश तापवायला लागणारी ऊर्जा नवं मॉडेल बदलू शकत नाही. पाणी कमी वापरून किंवा कमी तापवूनच ती वाचते. साठऐवजी तीस अंशांचं बटण दाबलं तर जुन्या मशीनवरही बरीच वाचते. तेव्हा सात-आठ वर्षांच्या मशीनला ऊर्जेच्या नावाखाली भंगारात काढणं हिशोबात बसत नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद झाली, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

कायदा व्हायची वाट पाहत असताना खरेदीच्या वेळी करण्यासारखं काम आहे. दुकानात वॉशिंग मशीनच्या आरपीएमविषयी, म्हणजे ड्रमच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांविषयी, चार प्रश्न विचारले जातात, टबविषयी एकही नाही. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन त्याची सुट्या भागांची आकृती आधी शोधावी. आकृतीत टबचे दोन अर्धे भाग वेगळे काढून त्यांना वेगळे क्रमांक असतील आणि बेअरिंग व सील स्वतंत्र दिसत असतील, तर ते मशीन उघडतं. टब एकच मोठं चित्र असेल, तर नाही. मशीन घरी आल्यावर दाराच्या आतल्या कडेवरच्या किंवा मागच्या पाटीचा फोटो काढून ठेवावा, पाटी पाण्याने पुसट होते. भाग मागवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये उत्पादनाच्या तारखेनुसार दोन वेगळ्या बनावटीचे पंप असू शकतात आणि कुठला ते अनुक्रमांकावरूनच कळतं. चुकीचा पंप बसतोही, पण त्याच्या प्लगच्या खाचा जुळत नाहीत.

वीज किती लागते, पाणी किती लागतं, आवाज किती होतो हे युरोपात मशीनवरच्या लेबलावर छापून येतं, तेही कायद्यानेच आलं. त्याच लेबलावर आणखी एक आडवी पट्टी सहज मावेल. बेअरिंग, सील, पंप, हीटर, दाराचं कुलूप, बोर्ड अशी सहा नावं. प्रत्येकापुढे ‘सुटं’ किंवा ‘संचासह’, आणि नव्या मशीनच्या किमतीच्या किती टक्के. बेरीज नको, १० पैकी गुण नकोत. टब संचापुढे ७० टक्के छापलेलं मशीन आणि बेअरिंगपुढे १ टक्का छापलेलं मशीन दुकानात शेजारी-शेजारी उभं राहिलं, की टब वितळवून जोडायचा की स्क्रूने, याचा फेरविचार कारखान्यातच होईल.